गिरणीमागचा खटका

वीर स्टेशनाहून महाडला येणाऱ्या रिक्षात मागे तिघं आणि ड्रायव्हरला चिकटून एक, अशी बैठक जमली की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही काय करता?" मी सांगते, "कुलपं बदलते." बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. एकदा मात्र शेजारच्या गृहस्थांनी मांडीवरची ट्रंक माझ्याकडे सरकवली. "बरं झालं भेटलात. हिची चावी मुलुंडला राहिली." ते कुलूप मला उघडता आलं नाही. माझ्या विद्येवरचा रिक्षातल्या लोकांचा विश्वास दासगाव येईपर्यंत पार उडाला होता.

माझी कुलपं डोळ्यांना दिसत नाहीत, ही पहिली अडचण. दुसरी अडचण अशी की मी ती ज्या चोरासाठी लावते, तो चोर अजून जन्मालाच आलेला नाही. आणि तिसरी अडचण मी स्वतः. मी मुळात कमी बोलणारी. कुलपांच्या धंद्यात हा गुण समजतात. गेल्या पावसाळ्यापासून या पावसाळ्यापर्यंत ह्याच गुणाने माझी झोप घालवली, म्हणून आज ठरवून बोलते आहे.

धंदा आधी सांगते. महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर मोठी लाइन पावसात एकदा पडली की दसऱ्याची वाट बघते. म्हणून काही वाड्यांनी स्वतःची वीज केली. घराघरावर सोलरची पॅनलं, मध्ये कुठेतरी सगळ्यांची मिळून एक बॅटरीची खोली, आणि ठिकठिकाणी भिंतीवर टांगलेल्या छोट्या पेट्या. ह्या पेट्या एकमेकींशी बोलतात. कुणाकडे वीज जास्त झाली, कुणाला कमी पडते, बॅटरी उतरली तर आधी टीव्ही बंद करायचे की गिरण, हे त्या आपसात ठरवतात. सासवासुनांपेक्षा बऱ्या वागतात. हुकूम सोडते ती शाळेतली मुख्य पेटी. हुकूम खरोखर तिचाच आहे, मधल्या कुण्या उपटसुंभाचा नाही, हे कळावं म्हणून प्रत्येक हुकमाखाली तिची सही असते. सही पटली तर पेटी ऐकते, नाहीतर ढिम्म.

ही सही म्हणजेच माझं कुलूप. आजवरच्या कुलपांची गंमत अशी, की कुलूप चारचौघांत टांगलेलं असतं. कुणीही यावं, चाचपावं. पण नुसतं कुलूप बघून त्याची चावी घडवायची म्हटलं, तर जगातले सगळे कॉम्प्युटर नांगराला जुंपले तरी आपल्या नातवंडांची नातवंडं म्हातारी होतील. क्वांटम कॉम्प्युटर नावाचं एक वेगळ्याच जातीचं यंत्र हल्ली ठिकठिकाणी घडतंय. ते पुरेसं मोठं झालं की कुलूप बघून चावी करील, असं गणितवाले म्हणतात. कधी? कुणी म्हणतं आलंच, कुणी म्हणतं आपल्या हयातीत नाही. पण कौलावर चढलेलं पॅनल वीस-पंचवीस वर्षं उतरत नाही. आज लावलेलं कुलूप तोवर टिकायला हवं. नाहीतर उद्या कुणीतरी कुठल्यातरी देशात बसून खोटी सही ठोकणार आणि इकडे आमच्या साऱ्या वाड्यांच्या बॅटऱ्या एका दमात रिकाम्या होणार. म्हणून जुनी सही काढून नवी बसवायची. जुनी सही म्हणजे अंगठा होता, तर नवी म्हणजे अख्खं खरेदीखत. लांबलचक. पण त्या यंत्रालाही ती फुटत नाही, असं आज तरी मानतात.

हे सगळं मी गिऱ्हाइकांना समजावून सांगते. महाडच्या बाजारपेठेतले एक कापडवाले सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "मॅडम, क्वांटमचं तुम्ही बघा. आमची पेटी तर दसऱ्यापासून गरम होतेय." जाऊन बघते तर खंडेनवमीला वजनकाट्याबरोबर माझ्या पेटीचीही पूजा झालेली. हळदकुंकू, आणि हवा खेळायच्या फटींवरून झेंडूचं घसघशीत तोरण. तोरणाखाली चिकटपट्टीने डकवलेला कागद, त्यावर टपोऱ्या अक्षरात पासवर्ड. "विसरायला होतं हो," ते म्हणाले. जगाच्या पाठीवरच्या कुठल्याही क्वांटम यंत्राला माझ्याविरुद्ध एवढं काम करणं जमलं नसतं.

तर सावरीचा कोंड.

उमरठच्या बाजूला, रस्ता संपल्यावर चढून जायची ही वाडी. नाव मी बदललं आहे, माणसांचीही बदलली आहेत. तीसेक घरं, वरची आळी आणि खालची आळी. मध्ये देऊळ, देवळाला लागून यशोदाची गिरण. मोबाइलची रेंज येते ती फक्त ह्या कोपऱ्यात, त्यामुळे देवाची आणि गिरणीची वर्दळ कधी हटत नाही. यशोदा माझ्याच वयाची, भुवयांवर कायम तांदळाचं पीठ. मला ती पहिल्या दिवसापासून 'ताय' म्हणते. आवाज गिरणीवरून ऐकू जाईल एवढा, गिरण बंद असली तरी.

वाडीच्या वीजयंत्रणेतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे भोंगा. तळीयेच्या दरडीनंतर आमच्या भागातला माणूस पाऊस ऐकताना अर्धा कान घरामागच्या डोंगराकडे ठेवतो. पावसाचं माप एका हद्दीबाहेर गेलं की मुख्य पेटी हुकूम सोडणार आणि भोंगा वाजणार. त्यासाठी बॅटरीतली काही वीज कायम राखीव, गिरण बंद पडली तरी बेहत्तर. शिवाय खांबावर एक लाल बटण होतं. दिसली दरड, दाबा.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी तिथल्या सह्या बदलायला गेले. सगळ्या पेट्यांनी नवं खरेदीखत मुकाट घेतलं. गिरणीची पेटी मात्र जुनी. तिच्या डोक्यात एवढी लांब सही मावेना. नवी पेटी येईपर्यंत पावसाळा उजाडणार. आणि ह्या पेटीने सही ओळखली नाही तर गिरणीला वीज नाही.

"म्हंजी गिरण बंद?" यशोदा म्हणाली.

"थोडे दिवस."

"थोडे म्हंजी? गनपतीला आख्खी मुंबई येतीया हितं. मोदकाचं पीठ काय तुझ्या कॉम्पुटरात दळू?"

मी काय केलं, ते आता सांगते. पिशवीत एक साधा हाताचा खटका होता, जुन्या घरांतून मेन स्विच म्हणून असायचा तसला. तो मी गिरणीमागच्या भिंतीवर, रिकाम्या पिठाच्या डब्यामागे बसवला. खटका वर केला की बॅटरीतून थेट गिरणीला वीज. मध्ये पेटी नाही, सही नाही, हुकूम नाही. मी जन्मभर ज्याच्याविरुद्ध बोलत आले, ते चोरदार मी स्वतःच्या हाताने पाडलं. यशोदाला म्हटलं, "कुणाला सांगू नको. नोकरी जाईल माझी."

"माज्या तोंडातनं शबूद निघायचा नाय," ती म्हणाली, एवढ्या मोठ्याने की देवळातला माणूस वळून बघायला लागला.

तिथेच, रेंजच्या कोपऱ्यात, निखिलसरांचा फोन आला. हे आमचे पुण्याचे साहेब, माझ्या मुलाच्या वयाचे, हुशार आणि मनाने चांगले. "मॅडम, सगळ्या पेट्या झाल्या?"

"झाल्या," मी म्हटलं.

खोटं बोलल्यावर माणूस दुसरीकडे जरा जास्तच खरं वागायला बघतो. माझंही तसंच झालं. परतायच्या आधी माझी नजर भोंग्याच्या लाल बटणाकडे गेली. ते कुणीही दाबू शकत होतं. शेळ्यांनी अंग घासून दोनदा भोंगा वाजवलेला. त्या बटणाला कुठे होती सही? ते चालू ठेवायचं की नाही, कंपनीने आमच्या अकलेवर सोडलं होतं. मी ते आतून बंद करून टाकलं. गिरणीमागे दार उघडं टाकल्याची बोच होती ना, मग इथे तरी फट नको. यंत्रणा कशी, सोवळ्यातली झाली पाहिजे. बटण बंद केल्याचं मी वाडीत कुणालाही सांगितलं नाही. शेळ्यांचं राज्य गेलं, एवढंच समाधान.

पुढच्या खेपेला गेले तर बॅटरी तळाला. म्हटलं, झालं काय? मुंबईहून सुट्टीला आलेल्या पोरांनी गिरणीच्या तारेवरून दिवे ओढून अंडरआर्म क्रिकेटची टुर्नामेंट भरवली होती. राखीव वीज सगळी चौकार-षटकारांत गेली. माझं गुपित वाडीत किती वेळ टिकलं, हे मी विचारलंच नाही.

मी आवाज चढवला, तो माझा चढत नाही, तरी चढवला. तेव्हा गावकी बसली. देवळात वरची आळी एका बाजूला, खालची दुसऱ्या. मी पायरीवर. मुंबई मंडळाचे सेक्रेटरी सुरेशभाऊ फोनवर, आणि आवाज सगळ्यांना यावा म्हणून फोन पितळेच्या तांब्यात उभा केलेला. विषय माझ्या मते एकच होता, खटका काढून टाकायचा की ठेवायचा. गावकीच्या मते तो विषयच नव्हता.

वरच्या आळीचे धोंडूतात्या म्हणाले, "गिरण कुनाच्या जाग्यात हाय? आमच्या. मंग खटका वडायचा मान आमचा."

"आनि बॅटरीची खोली कुनी बांधली?" खालच्या आळीचे बाबूकाका उठले. "चिरं आमी व्हायलं. मान बरा ह्यांना आठवतो!"

"पालखीच्या टायमाला बी तू ह्येच केलंस."

"पालखीचं काडू नको हां तात्या!"

तांब्यातून सुरेशभाऊ घुमले, "ओ, टेन्शन नाय लेनेका. रोटेशन करा ना. आमच्या सोसायटीत पाण्याच्या व्हॉल्वला तसंच हाय."

"तुमच्या सोसायटीत देव हाय का?" तात्यांनी तांब्यात तोंड घालून विचारलं.

मी सांगत होते की अहो, हा मान नाही, हा माझा गुन्हा आहे. ऐकतं कोण! शेवटी ठरलं ते असं: एक वर्ष मान वरच्या आळीचा, एक वर्ष खालच्या. हात मात्र यशोदाचा, कारण गिरण तिची. विनाकारण जो खटका ओढील त्याला दंड एक नारळ. आणि ही गोष्ट वाडीच्या बाहेर जायची नाही, म्याडमच्या नोकरीचा सवाल आहे. तात्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, "…आनि ह्या बायच्या भाकरीवर कुनाची वाकडी नजर पडू देऊ नको, महाराजा." सगळे एका सुरात, "व्हय महाराजा!" तांब्यातूनही, जरा उशिरा, "व्हय महाराजा!"

जगात चोरदारं पुष्कळ असतील. देवापुढे गाऱ्हाणं घालून ज्याचा मान वाटून घेतला, असं चोरदार माझंच.

मग पाऊस आला. दिवसामागून दिवस सूर्य नाही. महाडच्या बाजारपेठेत पाणी चढलं तेव्हा मी शेजाऱ्यांच्या माडीवर, माझ्या पेट्या आणि त्यांची लोणच्याची बरणी यांच्यामध्ये बसून होते. फोन मेलेले. पाणी ओसरल्यावर कळलं, सावरीच्या कोंडावर दरड आली. माणसं वाचली, एवढंच सांगणारा सांगून गेला. मी मनात म्हटलं, भोंगा! आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला अभिमान वाटला.

वाट चिखलाने भरलेली. वर पोचले तर अख्खी वाडी शाळेत. यशोदा चुलीपुढे चहा गाळत होती.

"भोंगा वाजला ना?" माझा पहिला प्रश्न.

तिने गाळणी झटकली. "तुजा भोंगा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला व्हता."

मला काही कळेना.

"दुपार कललेली. तात्याला वरल्या आळीमागं भुईला भेग दिसली. तो आला पळत. बटान दाबतोय, दाबतोय. बटान आत गेलं पर भोंगा काय बोलंना."

धोंडूतात्या कोपऱ्यातून म्हणाले, "मी म्हनलं माझ्या हातातच जोर नाय ऱ्हायला."

"वरडून उपेग नाय," यशोदा सांगत होती. "पाऊस असला, की शेजारच्याला शेजारचा ऐकू येईना. घरं लांब लांब. मंग म्हनलं, गिरण तरी बोलंल. दाणं काडलं, दगूड खाली घेतला आनि वडला खटका."

रिकामी गिरण फिरवलेली तुम्ही कधी ऐकली नसेल, कारण कुणी फिरवत नाही. मध्ये दाणा नसला की दगडावर दगड घासतो. दातांतून कळ जाते असला तो आवाज. दगड खराब होतात, म्हणून तो आवाज म्हणजे वाडीत कुणीतरी शुद्धीवर नाही असाच अर्थ होतो.

"पयला आला हा," तिने बाबूकाकांकडे बोट केलं. "छत्री घेऊन भांडाय. 'दगूड जाळतीस काय गो भवाने?' त्याच्यामागं खालची आळी. मंग वरली, त्यास्नी वाटलं खालची आळी मान पळवतीया. सगळी जमली गिरनीपाशी, तवा तात्यानं सांगितलं. तशीच्या तशी हितं आलो, गुरं सोडून."

संध्याकाळच्या आत डोंगर उतरला. वरच्या आळीतला एक रिकामा गोठा आणि दोन घरांच्या मागच्या भिंती घेऊन गेला. घरांत कुणी नव्हतं.

मी मुख्य पेटीपाशी जाऊन तिच्या नोंदी वाचत बसले. सगळ्यांच्या बॅटरीत भोंग्यासाठी राखलेली वीज होती, पण उन्हाअभावी मुख्य पेटीची स्वतःची छोटी बॅटरी संपली होती. दरडीच्या दिवशी सकाळी जरा उजेड आला तशी ती जागी झाली, पण घड्याळ हरवून. तिच्या मते अजून ती कारखान्यातच होती. तीच जुनी तारीख घालून ती हुकूम सोडत राहिली, भोंग्याचासुद्धा. बाकीच्या पेट्यांनी बघितलं, सही लांबलचक आणि बरोबर, पण तारीख कित्येक वर्षांमागची. कुणीतरी जुना हुकूम उचलून फसवतोय! त्यांनी दार लावून घेतलं. मी शिकवलं होतं तश्शाच वागल्या. आणि लाल बटण, जे ह्या कशाचीच पर्वा न करता वाजलं असतं, ते मी बंद केलेलं.

माझे वडील महाडला मास्तर होते. आमच्या गावच्या तळ्याची गोष्ट ते दर वर्षी नव्या वर्गाला सांगत आणि शेवटी विचारत, "त्या तळ्याला कुलूप होतं का रे? नव्हतं. मग ते बंद कसं होतं?" मग स्वतःच म्हणायचे, "दार लावायच्या आधी वळून बघावं, बाहेर कोण उभं आहे." मी त्या वर्गात बसलेली मुलगी. मी दार लावलं, वळून बघितलं नाही. बाहेर पावसात, एक म्हातारा माणूस बटण दाबत होता.

ते बटण मी तिथल्या तिथे चालू केलं. तात्यांना म्हटलं, "तुमच्या हातात जोर होता. बटण मीच बंद केलं होतं." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "च्या घे. थंड व्हतोय."

इतपत कबुली मी त्याच दिवशी दिली. वाडीला दिली. कंपनीला नाही.

कंपनीला तोवर बातमी पोचलीच होती: नेटवर्क बंद, लाइन बंद, आणि सावरीच्या कोंडातली माणसं वेळेवर बाहेर. निखिलसरांचा फोन आला. "मॅडम, आपली यंत्रणा टिकली! भर पावसात!" मी म्हणायला हवं होतं, नाही टिकली. मी म्हटलं, "माणसं वाचली, हे महत्त्वाचं." हे वाक्य खरं होतं. खऱ्या वाक्याच्या आडोशाला किती आरामात बसता येतं, ते मला त्या दिवशी कळलं. गौरी-गणपती झाल्यावर महाडला सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि माझ्या नावापुढे एक विशेषण, ते मी इथे लिहीत नाही. शाल कपाटात गेली. नारळ ओट्याच्या कोपऱ्यात. तो मी फोडला नाही. कधी सार करायला घेतला, परत ठेवला. मुलगा विचारायचा, "आई, हा नारळ शोकेसमध्ये ठेवायचाय का?"

वाडीला सगळं ठाऊक होतं, आणि वाडीने कुणाला सांगितलं नाही. तिथेच माझी पंचाईत झाली. एखाद्याने चुगली केली असती तर मी सुटले असते.

ह्या उन्हाळ्यात पोलादपूरला मोठी बैठक भरली. आणखी काही वाड्यांवर हीच यंत्रणा बसायची होती, पावसाच्या आत. मी मुख्य प्रशिक्षक होणार होते. वाड्यावाड्यांची माणसं खुर्च्यांवर, पहिल्या रांगेत यशोदा, पाहुणी म्हणून, भुवया धुऊन आलेली. निखिलसर म्हणाले, "सावरीच्या कोंडाने दाखवून दिलं, की योग्य सह्या असतील तर माणसाच्या हाताची गरजच नाही. म्हणून नव्या यंत्रणेत हाताने चालवायचं काहीही ठेवलेलं नाही. बटणसुद्धा नाही."

मागून कुण्या वाडीतली एक बाई उठली. "साहेब, आनि भोंगा नाय बोलला तर?"

"मॅडम सांगतील," निखिलसर हसून म्हणाले आणि माईक माझ्या हातात दिला.

यशोदा माझ्याकडे बघत होती. भुवयांवर पीठ नव्हतं म्हणून की काय, तिचे डोळे एकदम मोठे दिसले.

"नाही बोलला," मी म्हटलं. माईक चालू आहे की नाही मला कळेना, म्हणून परत म्हटलं. "सावरीच्या कोंडात भोंगा बोललाच नव्हता. त्याचं तोंड मी बंद केलं होतं." आणि मग डबा, खटका, बटण, हरवलेलं घड्याळ, रिकामी गिरण, सगळं सांगितलं. टुर्नामेंटसुद्धा. आयुष्यात एवढं सलग मी कधी बोलले नव्हते. शेवटी म्हटलं, "नव्या सह्या हव्यातच. तो चोर येणार आहे. पण बटण ठेवल्याशिवाय ही यंत्रणा कुणीही घेऊ नका. मी आग्रह केला तरी घेऊ नका."

पहिल्या रांगेतून, गिरणीवरून ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "बोलली बाय येकदाची!"

बाहेर आल्यावर मी तिला धरलं. "तुला एवढं वाटत होतं तर तू का नाही सांगितलंस?"

"अगो, तूच बोल्लीस ना, कुनाला सांगू नको? मी कशी सांगनार!" मग हळू, तिच्या मानाने हळू, म्हणाली, "लय वाट बगायला लावलीस."

निखिलसर रागावले, आणि त्यांनी रागवायलाच हवं होतं. "खटक्याचं मी समजू शकतो, मॅडम," ते म्हणाले. "पण वर्षभर तुम्ही मला भाषणं करू दिलीत." प्रशिक्षकपद गेलं, नोकरी राहिली. नव्या वाड्यांवर बटण राहिलं. मुख्य पेटीला घड्याळाचा वेगळा सेल बसला. आणि प्रत्येक वाडीत एक हाताचा खटका, उघडपणे, लोखंडी कपाटात. कपाटाला दोन कुलपं, दोन आळ्यांकडे एकेक चावी, म्हणजे टुर्नामेंटला निदान दोन घरांची संमती लागेल. सर मला म्हणाले, "ही दोन चाव्यांची कल्पना चांगली आहे. कुठे वाचलीत?" मी म्हटलं, तांब्यात ऐकली.

सावरीच्या कोंडात कपाट बसवायला मी पाऊस लागायच्या आधी गेले. कुठली चावी आधी फिरवायची ह्यावर तात्या आणि बाबूकाकांचं जुंपलेलं. ते मिटल्यावर तात्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "आता म्याडमचं. साहेबाशी खोटं बोलली, वरीसभर. गावकीचा दंड हाय. येक नारळ."

"आरं पर आपल्यासाठनीच बोलली ना?" बाबूकाका म्हणाले.

"म्हनून येकच."

देवाधर्माचं आमच्या घरात नाही. पण दंड तो दंड. मी पिशवीत हात घातला. सत्काराचा नारळ घरातून निघताना बरोबर घेतला होता, का ते मलाही सांगता आलं नसतं. यशोदापुढे धरला.

तिने तो कानाशी नेऊन हलवला. परत हलवला. आत काहीतरी खुळखुळलं, पाण्याचं नव्हे.

"ह्यात पानी कुटं हाय? गोटा झाला ह्याचा. कवाचा हा?"

"सत्काराचा."

तिने नारळ माझ्या पिशवीत परत टाकला. "चटनी कर ह्याची. दंडाला ताजा लागतो. जा, पोलादपुरातनं घेऊन ये."

मी उतार उतरून गाडीपाशी आले. किक मारली तोच वर भोंगा वाजला, बटण दाबून बघत होते. मग तो थांबला आणि खात्री म्हणून असावी, रिकामी गिरण एक क्षण कडाडली. दातांतून कळ गेली. मी मागे वळले नाही. ताजा नारळ आणायचा होता.